महापौरांचे मास्तर
यू कोंगजियान यांची कारकीर्द



सुरुवातीलाच एक कोडं घालतो. दक्षिण चीनमध्ये, ग्वांगडोंग प्रांतात झोंगशान नावाचं शहर आहे. तिथला नदीकाठचा जहाजबांधणीचा कारखाना १९५० च्या दशकातला. तो १९९९ मध्ये दिवाळखोरीत निघून बंद पडला. मागे राहिल्या गंजक्या याऱ्या, रूळ, पाण्याच्या टाक्या आणि काठावरची वडाच्या कुळातली जुनी झाडं. पालिकेला तिथे बाग करायची होती. जलखात्याचा नियम आडवा आला. पुराचं पाणी वाहून जायला पात्र साठ मीटरवरून ऐंशी मीटर झालंच पाहिजे, असा तो नियम. वाढीव वीस मीटर काढायचे कुठून? काठावरून. म्हणजे झाडं तोडा, काठ कापा, नवी भिंत बांधा. आपल्या गावच्या कार्यकारी अभियंत्याने काय केलं असतं, ते मी सांगायला नको.

ज्याला हे काम मिळालं होतं त्या लँडस्केप आर्किटेक्टने नियम पाळला आणि झाडंही राखली. त्याने झाडांच्या मागे, जमिनीच्या अंगाला, वीस मीटर रुंदीचा दुसरा प्रवाह खणला. पाण्याला हवी तेवढी रुंदी मिळाली आणि झाडं मधल्या बेटावर सुखरूप राहिली. भरती-ओहोटीमुळे तिथलं पाणी दिवसाकाठी मीटरभर वर-खाली होतं. त्यासाठी त्याने काठाला पायऱ्यापायऱ्यांनी उतार दिला आणि त्यावर तिथलंच रानगवत लावलं, म्हणजे पाणी कुठल्याही पातळीला असो, काठ हिरवाच दिसावा. याऱ्या आणि रूळ तसेच ठेवले. बाग २००१ मध्ये खुली झाली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकन सोसायटी ऑफ लँडस्केप आर्किटेक्ट्स या संस्थेचं मानाचं पारितोषिक तिला मिळालं.

या माणसाचं नाव यू कोंगजियान. यू हे आडनाव, चिनी रीतीप्रमाणे आधी. पेकिंग विद्यापीठातले प्राध्यापक, ‘तुरेनस्केप’ या संस्थेचे संस्थापक, आणि जगभर जिचा बोलबाला झाला त्या ‘स्पंज सिटी’च्या, म्हणजे पावसाचं पाणी जागच्या जागी मुरवणाऱ्या शहराच्या, कल्पनेचे जनक. २३ सप्टेंबर २०२५ रोजी ब्राझीलमध्ये, पांतानाल या अफाट पाणथळ प्रदेशात छोटं विमान कोसळून त्यांचा मृत्यू झाला. वय बासष्ट. त्यांच्या कामावर माहितीपट काढणारे दोन ब्राझिलियन चित्रपटकर्मी आणि वैमानिकही त्यात गेले.

ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते, म्हणून मीही शिक्षकच निवडला. यूंच्या बागांची छायाचित्रं तुम्हाला कुठेही बघायला मिळतील. त्यांची मास्तरकी मात्र छायाचित्रात येत नाही, आणि माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला निम्म्याहून अधिक पराक्रम तिथेच आहे.

त्यांचा जन्म १९६३ चा. झेजियांग प्रांतातल्या जिन्हुआजवळचं डोंगयू हे त्यांचं गाव. घराण्यावर जमीनदारीचा शिक्का, त्यामुळे सांस्कृतिक क्रांतीच्या काळात कुटुंबाने जे भोगायचं ते भोगलं. लहानपण कम्यूनच्या शेतात आणि म्हशींमागे गेलं. गावात तळी होती, भाताची खाचरं होती, आणि कुणी हात लावू नये असं राखलेलं झाडांचं रान होतं. आपण त्याला देवराई म्हटलं असतं. गावाशेजारून बाईशा नावाची नदी वाहते. तिच्यावर हान राजवटीपासून एकामागून एक छत्तीस बंधारे घातले गेले. कुठलाही फार उंच नाही. पाणी अडवायचं, थोडं पाटाने शेतात घ्यायचं, उरलेलं पुढच्या बंधाऱ्याकडे सोडायचं. धुळे-साक्रीकडे पांझरेवरचे फड ज्यांनी पाहिले असतील त्यांना ही व्यवस्था समजावून सांगायची गरज नाही.

दहाएक वर्षांचे असताना यू या नदीच्या पुरात पडले. काठाला वाळुंजाच्या जातीची झाडं आणि नदीत वेताएवढे बोरू. त्यांनी पाण्याचा वेग तोडला होता. पोराच्या हाताला काहीतरी लागलं, तो काठाला आला. हा प्रसंग त्यांनी पुढे जन्मभर सांगितला, आणि त्याला नेहमी एक पुस्ती जोडली: त्या दिवशी काठाला काँक्रीटची गुळगुळीत भिंत असती, तर मी बुडालो असतो. एकच गोष्ट इतक्यांदा सांगितली की ती दंतकथा होते, हे मला कळतं. पण हिचा अर्थ भावनेचा नाही, द्रवगतिकीचा आहे. खडबडीत काठ पाण्याला घासतो, वेग उतरतो, गाळ खाली बसतो. गुळगुळीत काठ पाणी पुढच्या गावाच्या अंगावर ढकलतो. यूंची सगळी विद्या या दोन वाक्यांचा विस्तार आहे.

१९८० मध्ये, सतराव्या वर्षी, ते बीजिंगच्या वनविद्या विद्यापीठात उद्यानशास्त्र शिकायला गेले, तिथेच पुढे शिकवू लागले, आणि १९९२ मध्ये हार्वर्डला गेले. तिथला त्यांचा १९९५ चा डॉक्टरेटचा प्रबंध थोडा थांबून बघण्यासारखा आहे. तिथे त्यांना कार्ल स्टाइनिट्झ आणि रिचर्ड फोरमन हे दोन मोठे शिक्षक लाभले. स्टाइनिट्झ हे संगणकावर नकाशांचे थर एकमेकांवर ठेवून प्रदेशाचं नियोजन करणाऱ्यांतले आद्य, आणि फोरमन हे प्रदेशाचं परिस्थितिविज्ञान मांडणारे. यूंनी विचारलं: सगळी जमीन तर राखता येणार नाही, मग कमीत कमी कुठली जमीन राखली म्हणजे पाणी, प्राणी आणि माणसांची जुनी ठिकाणं यांचा जीव टिकेल? उत्तर शोधताना त्यांना चिनी ‘वेइची’ हा पटावरचा खेळ उपयोगी पडला. त्यात सोंगट्या सगळीकडे पसरून चालत नाही. मोक्याच्या थोड्या जागा धरल्या की पट आपल्या बाजूला झुकतो. नदीचा सांधा, डोंगराची खिंड, दोन रानांना जोडणारी चिंचोळी पट्टी, या त्या मोक्याच्या जागा. त्यांना त्यांनी ‘सुरक्षा-आकृतिबंध’ म्हटलं. पुढची तीस वर्षं त्यांनी याच कल्पनेवर काढली. स्पंज वगैरे शब्द फार नंतरचे.

अमेरिकेत एसडब्ल्यूए या मोठ्या कंपनीत त्यांनी दोन वर्षं नोकरी केली. १९९७ मध्ये ते पेकिंग विद्यापीठात प्राध्यापक म्हणून परतले आणि पुढच्याच वर्षी तुरेनस्केप काढली. गावी गेले तर राखलेलं रान तुटलेलं, नदीतून वाळूउपसा चाललेला, काठ बांधून काढलेले.

तेव्हाचा चीन डोळ्यांपुढे आणा. खेडी रिकामी होताहेत, शहरं फुगताहेत. प्रत्येक शहराला एक भला थोरला चौक हवा आहे. गुळगुळीत फरसबंदी, मधे हिरवळ, संगीताच्या तालावर नाचणारी कारंजी, आणि झटपट सावली हवी म्हणून कुठल्यातरी डोंगरातून मुळासकट उपटून आणलेले मोठाले वृक्ष. नद्या सरळ केल्या जाताहेत, त्यांना काँक्रीटचे कठडे बसताहेत. हे सगळं ठरवतं कोण? महापौर. आपल्या महापौरांसारखे नव्हेत हो, आपल्याकडे महापौरांच्या हाती फीत कापायची कात्री जास्त असते. चीनमधल्या महापौराकडे आयुक्ताचे अधिकार असतात, हाती जमीन असते, पैसा असतो, आणि बदली होण्याआधी काहीतरी करून दाखवायची घाई असते.

यूंनी ओळखलं की विद्यापीठात दरवर्षी मूठभर मुलं शिकवून हा गाडा वळणार नाही. शिकवायचं तर महापौरांना शिकवायला हवं. बांधकाम मंत्रालय महापौरांसाठी प्रशिक्षणवर्ग भरवत असे, तिथे ते बोलायला जाऊ लागले. २००३ मध्ये ली दिहुआ या सहकाऱ्यासोबत त्यांनी पुस्तक लिहिलं, शहराच्या भूदृश्याचा मार्ग, महापौरांशी संवाद. त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. या व्याख्यानांत काय होतं? आधी टिंगल. जगातल्या चुकीच्या चौकांची आणि कारंज्यांची चित्रं दाखवायची, मग चिनी शहरांतल्या त्यांच्या नकलांची. त्यानंतर हिशेब. हिरवळीला पाणी किती लागतं, कापणीला माणसं किती लागतात, आणि गवत, भात, बोरू लावले तर त्यातलं काय वाचतं. निसर्गावर प्रेम करा, असं सांगून कुठलाही अधिकारी हलत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. स्वस्तात होईल, लवकर होईल आणि फोटो चांगला येईल म्हटलं की खुर्ची पुढे सरकते. हे मी कौतुकानेच सांगतोय.

त्यांचं सर्वांत गाजलेलं आणि सर्वांत बोचलेलं रूपक पायांचं. हजारेक वर्षं चीनमध्ये प्रतिष्ठित घरांतल्या मुलींचे पाय बांधून लहान करत. चालता न येणारा पाय सुंदर, आणि शेतात राबणाऱ्या बाईचा पसरट पाय गावंढळ. यू म्हणत, आपली शहरं हेच करताहेत. फळ न देणारी फळझाडं, पूर न सोसणारी नदी, धान्य न पिकवणारी जमीन, ही सगळी बांधलेली पावलं. मला मोठे पाय हवेत. या एका रूपकाने त्यांनी परंपरागत उद्यानकलेच्या सगळ्या मठाधिपतींना अंगावर घेतलं, कारण सुझोऊच्या जगप्रसिद्ध बागाही त्यांनी बांधलेल्या पावलांतच जमा केल्या. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. चीनच्या प्रगतीत खोडा घालणारा अमेरिकेचा हेर, इथपर्यंत मजल गेली.

इथे माझं मत थोडं वेगळं आहे. सुझोऊच्या बागांवर त्यांनी अन्याय केला. त्या बागांचं पहिलं तंत्र कोणतं? तळं खणायचं आणि निघालेल्या मातीची तिथेच टेकडी करायची. माती बाहेर न्यायची नाही, बाहेरून आणायची नाही. आता यूंच्या कुठल्याही मोठ्या उद्यानाचा आराखडा बघा. हेच आहे. बीजिंगच्या त्या जुन्या वळणाच्या विद्यापीठात तरुणपणी जे शिकले, तेच त्यांनी शंभरपट मोठ्या जमिनीवर वापरलं. बापाशी भांडण काढून घराबाहेर पडलेल्या मुलाच्या हाताला बापाचंच वळण असावं, तसं हे झालं.

याचा उत्तम नमुना म्हणजे हार्बिनमधलं कुन्ली उद्यान. हार्बिन हे चीनच्या पार ईशान्येचं, बर्फाचं शहर. पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, पण त्यातला साठ-सत्तर टक्के जून ते ऑगस्टमध्ये. म्हणजे आपल्यासारखाच, थोड्या दिवसांत कोसळणारा. तिथे नवं उपनगर वसत होतं आणि मधोमध चौतीस हेक्टरची एक पाणथळ जागा उरली होती. चारी बाजूंनी रस्ते आले, पाण्याचे झरे तुटले, पाणथळ वाळू लागली. उपनगरात पाणी तुंबतंय आणि मधली पाणथळ कोरडी पडतेय, असा प्रकार.

२००९ मध्ये काम हाती आल्यावर यूंनी मधल्या पाणथळीला हातच लावला नाही. फक्त कडेने एक पट्टा घेतला. त्यात लहान-मोठी, उथळ-खोल तळी खणली आणि खणलेल्या मातीचे उंचवटे केले. तळी आणि उंचवटे यांची एक माळच चौतीस हेक्टरांभोवती घातली. आजूबाजूच्या रस्त्यांवरचं पावसाचं पाणी पाइपने परिघावर आणून या तळ्यांत सोडलं. रस्त्यावरचं पाणी म्हणजे काय असतं ते आपण जाणतोच: तेल, टायरची पूड, माती, कचरा. ते तळ्यात थबकतं, गाळ बसतो, बोरू आणि पाणगवत आपलं काम करतात, आणि निवळलेलं पाणी सावकाश मधल्या पाणथळीत पाझरतं. उंचवट्यांवर बर्चची झाडं दाटीने लावली, आणि त्यांच्यावरून, जमिनीला न टेकता जाणारी पायवाट काढली. माणसाने वरून हिंडावं, खाली उतरू नये. २०१२ मध्ये याला अमेरिकन सोसायटीचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. विशेष असं की इथे डिझाइन म्हणावं असं जे काही आहे ते सगळं कडेला आहे. मधला मोठा भाग मोकळा सोडायचा आणि फी मात्र सगळ्या जागेची घ्यायची, हे धाडस आमच्या व्यवसायात फार थोड्यांना जमतं!

शांघायच्या हौतान उद्यानाची गोष्ट वेगळी. २०१० च्या जागतिक प्रदर्शनासाठी हुआंगपू नदीकाठी, जुन्या पोलाद कारखान्याच्या आणि गोदीच्या चौदा हेक्टर चिंचोळ्या जमिनीवर ते झालं. नदीचं पाणी इतकं खराब की चिनी प्रतवारीत सर्वांत खालच्या, पाचव्या वर्गाच्याही पलीकडचं. यूंनी १.७ किलोमीटर लांबीची पाणथळ केली आणि तिच्यात टप्प्याटप्प्याने पाणी खेळवलं. आधी दगडी पायऱ्यांवरून पाणी पसरवून उडवायचं, त्याला हवा मिळते. पुढे वाफ्यांतून, वेगवेगळ्या वनस्पतींच्या मुळांमधून न्यायचं. रोज २,४०० घनमीटर पाणी पाचव्या वर्गाखालून तिसऱ्या वर्गापर्यंत यावं, असा तो आराखडा. वाफे मात्र थेट भाताच्या खाचरांसारखे, आणि त्यांत ऋतूप्रमाणे पिकंही.

भाताचंच म्हणाल तर शेनयांगच्या वास्तुकला विद्यापीठाचं आवार पाहावं. विद्यापीठ शहराबाहेर गेलं, पैसा कमी, वेळ वर्षभराचा. आवारात कुणीही लॉन केलं असतं. यूंनी तीन हेक्टरांवर भात लावला, छपरांचं आणि रस्त्यांचं पाणी साठवून त्याला दिलं, आणि खाचरांच्या मधे वाचायला बसायचे चौथरे केले. लावणीचा दिवस आणि कापणीचा दिवस हे तिथल्या मुलांचे सण झाले. पिकलेला तांदूळ पिशव्यांत भरून पाहुण्यांना भेट देतात.

छिन्हुआंगदाओच्या तांगहे नदीकाठची लाल फीत तुमच्यातल्या अनेकांनी चित्रात पाहिली असेल. झाडीतून वळत जाणारं पाचशे मीटर लांबीचं लाल बाक, रात्री आतून उजळणारं. बाकी जंगल होतं तसं ठेवलं.

आता मी जरा तक्रारीकडे वळतो, कारण नुसतं गुणगान करायला मला बोलावलेलं नाही.

२१ जुलै २०१२ ला बीजिंगमध्ये प्रचंड पाऊस झाला. राजधानीत, भुयारी रस्त्यांत, मोटारींत अडकून माणसं बुडाली. मृतांचा आकडा एकोणऐंशी. यू वर्षानुवर्षं जे सांगत होते त्याला अचानक राजकीय वजन आलं. डिसेंबर २०१३ मध्ये शी जिनपिंग यांनी शहरीकरणावरच्या परिषदेत स्पंजासारख्या शहरांचा उल्लेख केला. २०१४ मध्ये तांत्रिक मार्गदर्शिका निघाली. २०१५ मध्ये सोळा आणि २०१६ मध्ये आणखी चौदा शहरं प्रयोगासाठी निवडली गेली. उद्दिष्ट असं ठरलं की पावसाचं सत्तर टक्के पाणी जागच्या जागी मुरवायचं किंवा वापरायचं, आणि शहरांचा वीस टक्के भाग २०२० पर्यंत, ऐंशी टक्के भाग २०३० पर्यंत या मापात बसवायचा.

जगात कुठल्याही लँडस्केप आर्किटेक्टच्या वाट्याला असं यश आलेलं मला माहीत नाही. आणि गडबडही तिथेच झाली. नकाशावर मोक्याची जागा राखणं हे अवघड काम, त्यासाठी बिल्डरला नाही म्हणावं लागतं. पदपथावर पाणी झिरपणारे पेव्हर ब्लॉक बसवणं सोपं, त्याचं टेंडर निघतं. योजना झाली की सोप्या कामांची टक्केवारी भरू लागते. काय होतं ते तुम्हाला मी सांगायचं म्हणजे काशीला गंगा विकण्यासारखं आहे.

मग २० जुलै २०२१. झेंगझोऊ शहरात एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस. भुयारी रेल्वेच्या डब्यांत पाणी शिरून चौदा जण गेले. हेनान प्रांतातले मृत आणि बेपत्ता मिळून ३९८. झेंगझोऊ राष्ट्रीय यादीतल्या तीस शहरांत नव्हतं, पण त्याने स्वतःचा स्पंज कार्यक्रम मोठ्या खर्चाने राबवला होता. लोकांनी विचारलं, कुठे गेला स्पंज?

थोडा हिशेब करू. एक हेक्टर जमिनीवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला की हजार घनमीटर पाणी होतं. दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर शंभर टँकर. झेंगझोऊत तासाभरात प्रत्येक हेक्टरवर दोनशे टँकर रिकामे झाले. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला, म्हणजे हेक्टरी नऊशे चव्वेचाळीस टँकर. हे पाणी कुठल्या पेव्हर ब्लॉकात जिरणार आहे? भिजलेली माती तर तासाभरातच हात वर करते.

म्हणून मला वाटतं की स्पंज या शब्दाने त्यांच्या विचाराला प्रसिद्धी दिली, आणि त्याचं नुकसानही केलं. स्पंज म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, पाणी शोषलं जाईल आणि आपलं सगळं होतं तसं चालू राहील. यूंची स्वतःची उत्तम कामं असं म्हणतच नाहीत. त्यांच्याच जिन्हुआतलं यानवेइझोऊ उद्यान बघा. दोन नद्यांच्या संगमावर वाळूउपशाने उद्ध्वस्त झालेलं सव्वीस हेक्टरचं बेट. पूर येऊ नये म्हणून भोवती भिंत होती. यूंनी भिंत पाडली आणि उतरत्या पायऱ्यांचे बांध घालून त्यावर पूर सोसणारं गवत लावलं. हे उद्यान बुडण्यासाठीच बांधलं आहे. पावसाळ्यात पायऱ्या पाण्याखाली जातात, गाळ बसतो, तोच गवताचं खत होतो. वरून जातो तो एक वळणावळणांचा रंगीत पादचारी पूल. त्याचे उतार वीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरात बुडाले तरी चालतील, पण मुख्य पूल दोनशे वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्याही वर आहे. २०१५ मध्ये जागतिक वास्तुकला महोत्सवात हे वर्षातलं सर्वोत्तम भूदृश्य ठरलं. इथे शोषण्याचा मुद्दा दुय्यम आहे. इथे नदीला जागा परत दिली आहे, वर्षातले काही दिवस तिने यावं आणि जावं, म्हणून. शहरातली इतकी महागडी जमीन बुडू द्यायला महापौर तयार झाला, हे त्या मास्तरकीचं फळ.

यूंनी आपलं सूत्र तीन पायऱ्यांत सांगितलं: उगमापाशी धरा, वाटेत वेग कमी करा, शेवटी सामावून घ्या. हे ऐकताना आपल्या पाणलोटाच्या कामांतला कुणीही कार्यकर्ता म्हणेल, अहो, हे तर माथा ते पायथा! सलग समतल चर, नालाबांध, शेततळं. धावत्या पाण्याला चालायला लावायचं आणि चालत्याला थांबवायचं, हे आपल्याकडे शिवारात गेली कित्येक वर्षं बोललं जातंय. आपल्याकडे ते गावच्या वेशीपाशी थांबलं. शहरात शिरताना आपण ते पायताणासारखं बाहेर काढून ठेवतो. यूंनी ते काढलं नाही, एवढाच फरक, पण तो मोठा आहे. त्यांचा युक्तिवादही आपल्याला लागू पडणारा होता: युरोपचा पाऊस वर्षभर थोडा-थोडा पडतो, तिथल्या गटारांची मापं घेऊन मोसमी पावसाच्या देशांनी शहरं बांधू नयेत.

आपल्याकडे निळी पूररेषा आणि लाल पूररेषा नकाशावर असते. यूंच्या ‘उलट्या नियोजना’त आधी हा नकाशा होतो: कुठे बांधायचं नाही, ते प्रथम ठरवा, मग उरलेल्या जागेत शहर वसवा. झेजियांगमधल्या तायझोऊ शहरासाठी त्यांनी ते करून दाखवलं, आणि पुढे पर्यावरण मंत्रालयासाठी अख्ख्या देशाचा असा नकाशा तयार केला. आपल्याकडे रेषा आधी असते आणि नंतर ती सरकते. कोल्हापूर-सांगलीच्या मंडळींना २०१९ आणि २०२१ नंतर हे वेगळं सांगायला नको.

माझी आणखी एक शंका आहे, ती मांडून पुढे जातो. ज्या अधिकाराच्या जोरावर चीनमधला महापौर खेडी उठवून चौक बांधतो, त्याच अधिकाराच्या जोरावर तो यूंचं उद्यानही बांधतो. लोकांना विचारण्याची पायरी दोन्हीकडे सारखीच लंगडी. सत्तेचा कान पकडणाऱ्या मास्तराला ही किंमत मोजावी लागते. त्यात यू एकाच वेळी प्राध्यापक, सरकारचे सल्लागार आणि शेकडो माणसांच्या कंपनीचे प्रमुख. इतक्या कामांत एकाच ठशाची कामंही झाली. लाल पूल, लाकडी फळ्यांच्या वाटा, तेच गवत, तीच तळी. कुन्लीतला संयम सगळीकडे दिसत नाही.

तरी विद्यार्थ्यांच्या बाबतीत त्यांनी हात आखडता घेतला नाही. पेकिंग विद्यापीठात त्यांनी २००३ मध्ये लँडस्केप आर्किटेक्चरची पदव्युत्तर शाळा उभी केली, २०१० मध्ये तिचं महाविद्यालय झालं. या विषयाचं नियतकालिक काढलं, त्याचं संपादन केलं. बीजिंगमधल्या स्वतःच्या घरात गच्चीवरचं पाणी साठवून भाजी पिकवली, आणि आत सच्छिद्र चुनखडीची भिंत उभारून तिच्यावरून पाणी पाझरत ठेवलं, तिच्यावर नेचे आणि शेवाळ. उन्हाळ्यात घर तीच गार ठेवते, असं ते सांगत. २०२० मध्ये त्यांना जेलिको पुरस्कार मिळाला आणि २०२३ मध्ये एक लाख डॉलरचं ओबरलँडर पारितोषिक. ते मिळवणारे ते दुसरे. पहिल्या मानकरी अमेरिकेच्या जूली बार्गमन.

चीनबाहेरच्या त्यांच्या कामांत बँकॉकचं बेंजाकिती वन-उद्यान मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. शहराच्या ऐन मध्यावर तंबाखूच्या सरकारी कारखान्याची सुमारे चाळीस हेक्टर जमीन रिकामी झाली होती. पैसे थोडे, काळ कोविडचा, मजूर म्हणून लष्कराचे जवान. अशा हातांनी नाजूक काम होत नाही, हे ओळखून यूंनी आराखडाच ओबडधोबड केला. यंत्राने तळी खणायची, मातीचे शेकडो छोटे गोल उंचवटे पाण्यात ठेवायचे, त्यावर रोपं लावायची आणि बाकी निसर्गावर सोपवायचं. फोडलेलं काँक्रीट तिथेच वापरलं. २०२२ मध्ये ते खुलं झालं. पाऊस जास्त, पैसा कमी आणि कुशल कारागीर मिळण्याची मारामार, अशा कुठल्याही आशियाई शहराने पाहून यावं असं ते काम आहे. माझ्या मते हौतानपेक्षाही ते वरचढ, कारण त्यात प्रदर्शनाचा थाट नाही.

कुन्लीचा आराखडा आणि यानवेइझोऊचे छेद मोठे छापून आणले आहेत, ते व्यासपीठाच्या डाव्या बाजूच्या टेबलावर आहेत. छेदावर वीस वर्षांच्या आणि दोनशे वर्षांच्या पुराच्या पातळ्या निळ्या पेन्सिलने मीच ओढल्या आहेत. पालिकेतली जी मंडळी आज इथे आली आहेत त्यांनी कृपया आधी ते बघावेत. त्यानंतर आपण प्रश्न घेऊ.